नाव स्वामीजींचे, नोकरी तासिकेची

स्वामी रामानंद तीर्थ म्हटले की आम्हा नांदेड-लातूरकरांना भगवी वस्त्रे आणि १७ सप्टेंबर आठवतो. मला आधी आठवतो तो व्यंकटेश खेडगीकर. १९०३ साली जन्मलेला हा तरुण विशीत कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली राबला, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर झाला. पुढे संन्यास, अंबाजोगाईची शाळा, १९३८ चा सत्याग्रह, तुरुंग आणि १९४८ ची मुक्ती. १९७२ साली ते गेले. कामगार आणि शिक्षक, दोघांचेही जिणे त्यांनी जवळून पाहिले होते.

१९९४ साली नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. त्याच्या परिसरातल्या महाविद्यालयांत आज कित्येकजण तासिका तत्त्वावर शिकवतात. कायम माणूस आला की यांचे तास संपतात. तात्पुरत्या नेमणुकीने जागेवर हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. ते मला पटते. उघड जाहिरात निघाली तरच किनवटच्या ओळखपाळख नसलेल्या पोरालाही संधी मिळते.

पण बँकेत असताना, २४० दिवस भरू नयेत म्हणून रोजंदारीवरच्या शिपायाला मध्येच घरी बसवण्याच्या कागदावर मीही सही केली आहे. नियम पाळला, न्याय केला असे आजही म्हणवत नाही. निवड उघडच व्हावी. मात्र वर्षानुवर्षे शिकवल्याचे वजन तिच्यात पडावे आणि तास बंद करण्याआधी माणसाला वेळेवर सांगावे. स्वामीजींच्या नावाखाली एवढे तरी व्हायला हवे.