बाटल्या धुणाऱ्या पोराची डॉक्टरेट

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे चळवळीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच विद्यापीठाच्या शेरमरहॉर्न हॉलमधल्या ६१३ क्रमांकाच्या खोलीत तेव्हा काय चालले होते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. १६ बाय २३ फुटांची खोली, त्यात आठ टेबले, दुधाच्या बाटल्यांत केळ्यांवर पोसलेल्या हजारो फळमाश्या आणि सगळीकडे आंबूस वास! थॉमस हंट मॉर्गन या प्राध्यापकाच्या या खोलीत आनुवंशिकतेचे आधुनिक शास्त्र उभे राहत होते. त्यातला एक कामकरी विद्यार्थी म्हणजे कॅल्विन ब्रिजेस.

ब्रिजेसचा जन्म १८८९ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यातला. दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत आई गेली, बाप गेला. आजीने वाढवला. शेतीच्या कामात शाळा मागे पडली आणि हायस्कूल पूर्ण व्हायला विसावे वर्ष उजाडले. १९०९ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली म्हणूनच तो कोलंबियात पोहोचला. शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली संशोधक पोरे आझाद मैदानावर बसली होती, ती उगीच नव्हे.

पोटासाठी त्याने मॉर्गनच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम धरले. बाटली धुता धुता जाड काचेतून त्याला एक माशी दिसली, तिच्या डोळ्यांचा रंग इतरांपेक्षा वेगळा, शेंदरी. इतरांना हे भिंगाखाली दिसायचे, याला नुसत्या नजरेने दिसले. मॉर्गनने त्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि त्याला मदतनीस केले. हे श्रेय मॉर्गनला दिलेच पाहिजे. हलके काम करणाऱ्याकडे बुद्धी असते, हे मान्य करणारे प्राध्यापक आजही थोडेच आहेत.

आता त्याच्या प्रबंधाविषयी. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांचा संकर केला, तर मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे आणि मुली लाल डोळ्यांच्या निघतात. पण दीड-दोन हजारांत एखादी मुलगी आईसारखी पांढऱ्या डोळ्यांची निघे. दुसऱ्या कोणी चूक समजून ती माशी फेकून दिली असती. ब्रिजेसने तर्क केला की अंडे तयार होताना आईची दोन एक्स गुणसूत्रे वेगळी न होता एकत्रच राहिली असणार. तसे असेल तर या मुलीच्या पेशींत दोन एक्स आणि एक वाय सापडले पाहिजे. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि तसेच सापडले. जनुके गुणसूत्रांवरच असतात, याचा हा थेट पुरावा होता. १९१६ मध्ये 'जेनेटिक्स' हे नियतकालिक निघाले, त्याच्या पहिल्या अंकातला पहिला लेख हाच. त्याच वर्षी ब्रिजेसला डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबियातून लंडनला गेले. दोघांची भेट झाली, असा आमचा दावा नाही.

ब्रिजेस गोरा होता, हेही विसरून चालणार नाही. १९१६ मध्येच अर्नेस्ट जस्ट या कृष्णवर्णीय जीवशास्त्रज्ञाने शिकागोची डॉक्टरेट मिळवली, पण अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे त्याला बंदच राहिली. अनाथाला जी वाट मिळाली, ती काळ्याला मिळाली नाही.

गुणसूत्रांच्या सिद्धांताला सर्वात चिवट विरोध होता तो विल्यम बेटसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचा. १९२१ मध्ये मॉर्गनच्या प्रयोगशाळेतला पुरावा प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याने जाहीरपणे माघार घेतली. आणि हाच तो बेटसन! वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) उत्तर देताना बाबासाहेबांनी याच बेटसनच्या ग्रंथाचा दाखला दिला. बुद्धी रक्तातून सरळ उतरते म्हणणाऱ्या मनुवाद्यांना आनुवंशिकतेचे शास्त्रच आडवे आले.

गुणसूत्रे वेगळी न होण्याची ती चूक माणसातही होते. डाउन सिंड्रोममध्ये एक गुणसूत्र जास्त असते, हे १९५९ मध्ये दिसले. कर्करोगाच्या बहुतेक गाठींमध्ये पेशींतल्या गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असते. थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने १९१४ मध्येच गाठीचे मूळ गुणसूत्रांच्या बिघाडात असावे असे मांडले होते. त्या बिघाडाचे गणित कसे तपासायचे, हे ब्रिजेसने माशीवर दाखवले. आज खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये कर्करोगावर पीएचडी करणारा विद्यार्थी गुणसूत्रे मोजतो, तेव्हा तो याच वाटेवर असतो.

१९२८ मध्ये तो मॉर्गनबरोबर कॅलिफोर्नियाला गेला. १९३३ चे नोबेल एकट्या मॉर्गनला मिळाले. मॉर्गनने त्या रकमेतला वाटा ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट या शिष्यांच्या मुलांसाठी दिला, पण पदकावर नाव एकच. ब्रिजेस कधीच प्राध्यापक झाला नाही, शेवटपर्यंत संशोधन अनुदानावर जगला. १९३५ मध्ये त्याने माशीच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांचे पट्टे न् पट्टे रेखाटून नकाशे काढले. त्याचे क्रमांक प्रयोगशाळांत आजही वापरले जातात. नकाशांची सुधारणा चालू असतानाच २७ डिसेंबर १९३८ रोजी तो गेला. वय अवघे ४९. उरलेले नकाशे त्याचा मुलगा फिलिप याने पुरे केले.