विणकरांचे प्राध्यापक

प्रौढ शिक्षण हे शब्द उच्चारताच आपल्याकडे कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरे गिरवणारी वयस्क माणसे डोळ्यांपुढे येतात. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा प्रारंभ झाला तेव्हा त्याचा मुख्य रोख साक्षरतेवर होता. निम्म्याहून अधिक जनता निरक्षर असताना तो तसा असणे स्वाभाविकच होते. परंतु ज्याला लिहिता-वाचता येते, जो दिवसाचे आठ-दहा तास कारखान्यात किंवा कचेरीत राबतो, आणि ज्या व्यवस्थेत आपण राबतो ती कशी घडली हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याच्या शिक्षणाचे काय? त्याला पदवी नको असते, बढतीही मिळणार नसते. अशा माणसासाठी विद्यापीठाने आपले दार उघडावे काय, आणि उघडलेच तर आत त्याला विद्यापीठाचे खरे शिक्षण द्यावे की त्याची एखादी पातळ आवृत्ती? हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये उभा राहिला आणि त्याचे उत्तर आपल्या आयुष्याने देणारा माणूस म्हणजे रिचर्ड हेन्री टॉनी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना धर्म आणि भांडवलशाहीचा उदय यांविषयीच्या १९२६ सालच्या ग्रंथाचे कर्ते म्हणून ते परिचित असतात. त्यांच्या ग्रंथांमागे जे वर्ग उभे होते, त्यांची माहिती मात्र आपल्या अभ्यासक्रमात सहसा येत नाही.

टॉनींचा जन्म ३० नोव्हेंबर १८८० रोजी कलकत्त्यात झाला. त्यांचे वडील चार्ल्स हेन्री टॉनी हे तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य आणि संस्कृतचे नामांकित पंडित होते. सोमदेवाच्या कथासरित्सागराचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर आजही अभ्यासकांच्या हाती असते. भवभूतीचे उत्तररामचरित आणि भर्तृहरीची शतकेही त्यांनी इंग्रजीत नेली होती. मुलगा मात्र बालपणीच इंग्लंडला गेला, रग्बीच्या प्रसिद्ध शाळेत शिकला आणि १८९९ साली ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात दाखल झाला. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले विल्यम टेम्पल हे त्यांचे शाळेपासूनचे स्नेही. ज्या घराण्यातून आणि ज्या शाळांतून टॉनी आले होते, त्या वाटेने जाणारा तरुण सनदी नोकरीत किंवा वकिलीत स्थिरावावा अशीच अपेक्षा असे. १९०३ साली त्यांना पदवी परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला. त्या परीक्षेच्या निकालाला त्या समाजात केवढे महत्त्व होते हे लक्षात घेतले, तर त्यांची पुढची निवड अधिकच लक्षणीय वाटते.

ते लंडनच्या ईस्ट एंड भागातील टॉयन्बी हॉल या वसतिसंस्थेत राहावयास गेले. गरिबांच्या वस्तीत सुशिक्षितांनी राहून समाजकार्य करावे अशी तिची कल्पना होती. तेथे त्यांचे सोबती होते विल्यम बेव्हरिज; सामाजिक विम्याच्या १९४२ सालच्या अहवालामुळे ज्यांचे नाव जगभर झाले तेच. बेव्हरिजही बंगालमध्येच जन्मलेले, आणि त्यांची बहीण जीनेट हिच्याशी टॉनींचा १९०९ साली विवाह झाला. टॉयन्बी हॉलने टॉनींना दारिद्र्य जवळून दाखवले, पण त्याचबरोबर परोपकाराच्या मर्यादाही दाखवल्या. वरच्या वर्गाने खाली वाकून काही द्यावयाचे आणि खालच्या वर्गाने ते कृतज्ञतेने घ्यावयाचे, या व्यवहारात दोघांतले अंतर कायमच राहते, असे त्यांचे मत होत गेले.

याच सुमारास त्यांची गाठ एका वेगळ्याच चळवळीशी पडली. आल्बर्ट मॅन्सब्रिज हा एका सुताराचा मुलगा. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला, सहकारी घाऊक संस्थेत कारकुनी केलेला. १९०३ साली त्याने आणि त्याची पत्नी फ्रान्सिस हिने घरखर्चाच्या पैशांतून अडीच शिलिंग बाजूला काढून कामगारांच्या उच्च शिक्षणासाठी एक संघटना स्थापन केली. तीच पुढे वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन म्हणून प्रसिद्धीस आली. एका कारकुनाने ऑक्सफर्डच्या पंडितांना आपल्या अंगणात ओढून आणावे, हा प्रकार इंग्लंडसारख्या वर्गभेदाच्या देशात नवलाचाच होता. टॉनी १९०५ मध्ये या संघटनेच्या कार्यकारिणीवर आले आणि चार दशकांहून अधिक काळ तेथे राहिले. १९२८ पासून दीर्घकाळ ते तिचे अध्यक्ष होते.

त्यापूर्वी विद्यापीठांची विस्तार-व्याख्याने होतच असत. मोठे सभागृह, नामवंत वक्ता, शेकडो श्रोते, टाळ्या. दुसऱ्या आठवड्यात श्रोते निराळे. रॉचडेल येथील कामगारांना हे पुरेसे वाटेना. १८४४ साली जेथे सहकारी चळवळीच्या प्रवर्तकांनी आपले पहिले दुकान उघडले तेच हे कापडगिरण्यांचे गाव. तेथील लोकांनी मागणी केली ती सलग आणि कसून होणाऱ्या अभ्यासाची. ऑक्सफर्डने ती मान्य केली आणि जानेवारी १९०८ मध्ये पहिले दोन वर्ग सुरू झाले: शुक्रवारी सायंकाळी कुंभारकामाच्या प्रदेशातील लाँगटन येथे आणि शनिवारी दुपारी रॉचडेल येथे. शिक्षक एकच, सत्तावीस वर्षांचे टॉनी. ते त्या वेळी ग्लासगो विद्यापीठात अर्थशास्त्राचे साहाय्यक अध्यापक होते आणि आठवड्याच्या अखेरीस आगगाडीने स्कॉटलंडहून खाली येत.

या वर्गांचे नियम पाहण्यासारखे आहेत. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, दरवर्षी चोवीस बैठका. बैठक दोन तासांची. पहिला तास शिक्षकाचा, दुसरा तास पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या प्रश्नांचा आणि वादविवादाचा. संख्या साधारण तीसपर्यंत, त्याहून अधिक नाही. दर पंधरवड्याला एक निबंध. विद्यापीठाकडून पुस्तकांची पेटी येई आणि ती वर्गात फिरे. विषय काय शिकावयाचा हे ठरवण्यात विद्यार्थ्यांचा शब्द असे. शेवटी परीक्षा नाही, प्रमाणपत्राने मिळणारी नोकरी नाही. ज्याला काही मिळवावयाचे असेल त्याने येथे येऊच नये अशी जणू व्यवस्था होती, आणि तरीही विणकर, कुंभार, खाणकामगार, लोहकामगार, कारकून व प्राथमिक शिक्षक येत राहिले. येणे सोपे नव्हते. जादा पाळी लागली की बैठक बुडे. दिवसभर यंत्रापुढे उभे राहिलेल्या माणसाला रात्री लेखणी धरून सतराव्या शतकातील इंग्लंडच्या आर्थिक इतिहासावर निबंध लिहावयाचा म्हणजे काय, हे सकाळच्या किंवा रात्रीच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आपल्यातील अध्यापकांना वेगळे सांगावयास नको. पहिल्या बाकावर बसलेला विद्यार्थी डुलक्या घेत असला तरी रागवावेसे वाटत नाही, असा अनुभव मीही घेतला आहे.

या निबंधांचा दर्जा काय होता? बेलियलचे इतिहासाचे अध्यापक ए. एल. स्मिथ यांनी सरकारी तपासणीच्या वेळी या वर्गांतील निबंध पाहिले आणि त्यांतील सुमारे एक चतुर्थांश हे ऑक्सफर्डमध्ये इतिहासात पहिला वर्ग मिळवणाऱ्यांच्या तोडीचे आहेत असा अभिप्राय दिला. ज्यांना दुसरा वर्ग मिळाला होता त्या टॉनींना या अभिप्रायाचे हसू आले असेल काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पण खरे मर्म दुसरेच आहे. टॉनी गिरणगावात ज्ञान वाटावयास गेले नव्हते. शिक्षकाने मांडलेला मजुरीचा सिद्धान्त ऐकून, मजुरी कशी ठरते हे हाताने अनुभवलेला माणूस उठून उभा राही आणि तो सिद्धान्त आपल्या गिरणीत कोठे अडतो हे दाखवून देई. असा विद्यार्थी महाविद्यालयातल्या अठरा वर्षांच्या मुलांत मिळत नाही. १९१२ साली टॉनींचा सोळाव्या शतकातील शेतीप्रश्नावरील पहिला मोठा ग्रंथ बाहेर आला. कुंपणे घालून सामाईक जमिनी बळकावल्या गेल्या, त्यात लहान शेतकऱ्याचे काय झाले, हा त्याचा विषय. तो त्यांनी टेम्पल आणि मॅन्सब्रिज यांना अर्पण केला आणि प्रस्तावनेत आपल्या वर्गांतील विणकर, कुंभार, खाणकामगार व यंत्रकामगार यांचे ऋण स्पष्टपणे मान्य केले. विद्वत्तेच्या जगात प्रस्तावनेतील आभार पुष्कळदा उपचाराचे असतात. येथे ते तसे नव्हते.

लाँगटनच्या वर्गाने आणखी एक गोष्ट केली. तेथील विद्यार्थी स्वतःच शिक्षक झाले. आसपासच्या खाणकामगारांच्या खेड्यांतून त्यांनी १९११ पासून स्वतःचे वर्ग चालवले आणि त्यातून उत्तर स्टॅफर्डशायरमध्ये खाणकामगारांची स्वतंत्र शिक्षण-चळवळ उभी राहिली. १९०८ साली दोन असलेले असे वर्ग महायुद्धापूर्वी देशभरात दीडशेच्या आसपास गेले होते.

या प्रयोगावर टीका झाली नाही असे नाही, आणि ती दुर्लक्षण्याजोगीही नव्हती. १९०९ साली ऑक्सफर्डमधील रस्किन कॉलेजच्या कामगार विद्यार्थ्यांनी संप केला आणि त्यातून वेगळे कामगार कॉलेज निघाले. त्यांचे म्हणणे असे की, विद्यापीठ आणि सरकार यांच्या पैशावर चालणारे शिक्षण कामगाराला शेवटी मवाळच करणार. मालकवर्गाच्या अर्थशास्त्राला निःपक्षपाती म्हणून त्याच्या गळी उतरवणार. टॉनी स्वतः समाजवादी होते, पण वर्ग हे प्रचाराचे व्यासपीठ नव्हे असे ते मानीत. मतभेद असणाऱ्या प्रौढांनी पुराव्याच्या आधारे वाद घालावा, एवढीच त्यांची अट होती. मला स्वतःला टॉनींची बाजू अधिक पटते. मात्र अनुदान देणारा हात अभ्यासक्रमाकडेही पोहोचतो, ही टीकाकारांची शंका अनुदानावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेतल्या माणसाने हसण्यावारी नेऊ नये.

आपल्याशी थेट जुळणारा एक धागा येथे सांगितला पाहिजे. जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा (२०२४ साली निवर्तलेले उद्योगपती ते हे नव्हेत) यांनी दारिद्र्याची कारणे आणि त्यावरील उपाय यांच्या अभ्यासासाठी लंडन विद्यापीठाला देणगी दिली. त्यातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाचे पहिले संचालक म्हणून टॉनींची निवड झाली. म्हणजे इंग्लंडमधील मजुरांच्या दारिद्र्याचे संशोधन मुंबईच्या पैशावर झाले! वसाहतीच्या अर्थकारणात संपत्तीचा ओघ कोणत्या दिशेला वाहतो हे दादाभाईंनी आपल्याला शिकवले आहे, त्या पार्श्वभूमीवर ही नोंद मनोरंजक वाटते. या पदावरून टॉनींनी साखळ्या घडवणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या मजुरांच्या किमान वेतनाचा अभ्यास केला. दारिद्र्य हा गरिबाच्या स्वभावाचा दोष नसून उद्योगाच्या रचनेचा परिणाम आहे, ही भूमिका त्यांनी १९१३ साली तेथेच मांडली.

महायुद्ध सुरू झाल्यावर टॉनी मँचेस्टर रेजिमेंटमध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. त्यांच्या शिक्षणाच्या माणसाला अधिकारपद मिळत असे. ते त्यांनी नाकारले आणि सार्जंटपदापर्यंतच गेले. १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ते गंभीर जखमी झाले आणि दोन्ही सैन्यांमधील मोकळ्या जागेत सुमारे तीस तास पडून राहिले. त्या जखमांनी त्यांची प्रकृती कायमची अधू केली.

युद्धानंतरच्या पुनर्रचनेसाठी सरकारने प्रौढ शिक्षणावर जी समिती नेमली, तिचे टॉनी सदस्य होते आणि अध्यक्ष होते तेच ए. एल. स्मिथ. १९१९ च्या या अहवालाने प्रौढ शिक्षण ही मूठभर होतकरू माणसांची चैन नसून राष्ट्राची कायमची गरज आहे, ते सार्वत्रिक आणि आयुष्यभर चालणारे असावे, असा निर्वाळा दिला. आज आजीवन शिक्षण हे शब्द प्रत्येक शैक्षणिक धोरणात आढळतात. त्यांचा अर्थ बहुधा बदलत्या बाजारपेठेला उपयोगी पडतील अशी कौशल्ये वेळोवेळी आत्मसात करणे एवढाच असतो. १९१९ च्या समितीपुढे बाजारपेठ नव्हती, मतदार होता. आदल्याच वर्षी त्या देशात मताधिकाराचा मोठा विस्तार झालेला होता.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते १९३१ साली आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक झाले आणि १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. याच संस्थेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली डी.एस्सी. मिळवली होती. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. त्यामागची प्रेरणा त्यांची स्वतःची आणि इथल्या समाजाची होती, पण पोट भरणाऱ्या माणसाच्या घड्याळाप्रमाणे महाविद्यालयाने चालावे हा विचार दोन्हीकडे एकच होता.

टॉनींनी पार्लमेंटची निवडणूक अनेकदा लढवली आणि प्रत्येक वेळी हरले. १९१८ साली तर रॉचडेलमधूनच. १९३३ मध्ये देऊ केलेले उमरावपद त्यांनी नाकारले. ‘इक्वॅलिटी’ या १९३१ सालच्या ग्रंथात त्यांनी शिक्षणाच्या शिडीची कल्पना निकालात काढली. चार हुशार पोरांना वर ओढून घ्यावयाचे आणि बाकीच्यांना तेथेच ठेवावयाचे, हा न्याय बेडकांच्या पिल्लांचा आहे. शेपूट गळून एखादे काठावर उडी मारते म्हणून डबक्यातल्या इतर असंख्यांचे समाधान व्हावयाचे नसते, अशा आशयाचा त्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. कामगाराने शिकून कामगार राहणेच सोडून द्यावे, यासाठी त्यांचे वर्ग नव्हतेच.

उत्तरायुष्यात त्यांना एक गोष्ट खुपत होती. संघटनेचे वर्ग वाढले, पण त्यांत हाताने काम करणारे कमी आणि शिक्षक, कारकून, गृहिणी अधिक असे चित्र होऊ लागले. तीन वर्षांच्या कसून अभ्यासाची जागा आखूड आणि सोप्या अभ्यासक्रमांनी घेतली. संख्येसाठी दर्जा खाली आणणे म्हणजे कामगाराला कमी लेखणे होय, असे त्यांचे मत अखेरपर्यंत टिकले. आपल्याकडील पत्रद्वारा आणि मुक्त शिक्षणाच्या ढिगाऱ्याने छापलेल्या पुस्तिका पाहताना या मताची आठवण येते.

लंडनच्या ब्लूम्सबरी भागातील त्यांचे घर पुस्तकांनी, कागदांनी आणि चिलमीच्या राखेने भरलेले असे; अंगावर पुष्कळदा जुना लष्करी डगला. १९५८ मध्ये पत्नी गेली. १६ जानेवारी १९६२ रोजी एक्याऐंशीव्या वर्षी टॉनींचे निधन झाले. लाँगटन आणि रॉचडेलच्या पहिल्या वर्गांना त्याच महिन्यात चोपन्न वर्षे पूर्ण होत होती.