इतके सोपे, तर आधी का सुचले नाही?

कापसाचा हंगाम सुरू झाला, की अमरावती-अकोल्याकडे जिनांची घरघर सुरू होते. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात एक नाव मोठे आहे, अमेरिकेच्या ईली व्हिटनीचे. आपल्याकडचे बहुतेक जिन रुळांचे, त्याचे यंत्र दातांचे. पण त्याची कहाणी कापूसवाल्यांनी ऐकावी अशी आहे.

व्हिटनीचा जन्म १७६५ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकरी घरातला. १७९२ मध्ये येल कॉलेजची पदवी घेऊन तो जॉर्जियात आला. तिथल्या कापसाची रुई सरकीला घट्ट चिकटलेली. आपल्या हातरेच्यासारखी दोन रुळांची साधने तिथे पुरी पडत नसत. व्हिटनीने फिरत्या रुळावर तारेचे दात बसवले. दात रुई ओढून नेत, अरुंद फटींपाशी सरकी अडे आणि उलट फिरणारा ब्रश दातांवरची रुई झाडून टाकी. १७९४ साली पेटंट मिळाले.

यंत्र पाहताच कुणालाही करता येईल असे. गावोगावी नकला निघाल्या. १७९६ मध्ये होम्स नावाच्या कारागिराने तारेच्या जागी करवतीची पाती लावून वेगळे पेटंट घेतले. व्हिटनी आणि त्याचा भागीदार मिलर वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले.

यात नवे ते काय? दात पिंजण्याच्या यंत्रात होते, रूळ रेच्यात होता, ब्रश घराघरात. मात्र या यंत्रातला ब्रश काढा, दात तुंबतात. फटी काढा, सरकी रुईबरोबर जाते. सुटे भाग सर्वांपुढे होते, गरजही मोठी होती, तरी ही जुळणी कुणी केली नव्हती.

प्रत्येक जुळणी शोध ठरत नाही. १८५१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दाराच्या चिनी मातीच्या मुठीचे पेटंट नाकारले. तो बदल कुठल्याही कसबी कारागिराला जमला असता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये भांडी कातताना धरून ठेवण्याच्या साधनाबाबत हीच कसोटी लावली. ते पेटंट टिकले नाही.

व्हिटनीच्या काळी ही कसोटी ठरलेली नव्हती. १८०७ मध्ये न्यायमूर्ती जॉन्सन यांनी त्याच्या बाजूने कौल दिला, पण तोवर पेटंटची मुदत सरत आली होती. मुदतवाढीची विनंती १८१२ मध्ये नाकारली गेली. त्या यंत्राने कापसाचे मळे वाढले, गुलामांचे हालही वाढले. व्हिटनीला मात्र पैसा मिळाला तो बंदुकांच्या कारखान्यातून. १८२५ साली तो वारला. यंत्र पाहिल्यावर सोपे वाटते. कोर्टाला विचार करावा लागतो तो ते पाहण्यापूर्वीच्या दिवसाचा.