पाहणारा बादशहा

पावसाळा संपतो, आभाळ स्वच्छ होते आणि शाळेत सहलीच्या गोष्टी सुरू होतात. कोणी म्हणते, किल्ल्यावर जाऊ. कोणी म्हणते, डोंगरातल्या जंगलात जाऊन हरणे आणि पक्षी पाहू. या दिवसांना मराठीत शरद ऋतू म्हणतात. यानंतर पानगळ येते. तिला तुम्ही उर्दूत खिजाँ म्हणता.

डोंगरात जाऊन प्राणी-पक्षी पाहायचे असतील, तर काय तयारी करावी लागते? कोणत्या दिवसांत जावे? कोणत्या वाटेने जावे? बरोबर कोणाला न्यावे? सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने या सर्व गोष्टींचा नीट विचार केला होता. तो साधा प्रवासी नव्हता. तो हिंदुस्थानचा बादशहा जहांगीर होता. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही त्याची न्यायाची साखळी पाहिली असेल. आज त्याची दुसरी ओळख करून घेऊ या.

जहांगीरचा जन्म ३१ ऑगस्ट १५६९ रोजी फत्तेपूर सिक्री येथे झाला. शेख सलीम चिश्ती यांच्या नावावरून त्याचे नाव सलीम ठेवले गेले. १६०५ मध्ये अकबर बादशहाचा मृत्यू झाला. तेव्हा सलीम जहांगीर हे नाव घेऊन तख्तावर बसला. त्याने आपल्या कारकिर्दीची हकिगत फारसी भाषेत लिहिली. तो ग्रंथ ‘तुझुक-ए-जहांगीरी’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात लढाया आहेत, दरबार आहे, नेमणुका आहेत. पण त्याबरोबरच पाने, फुले, पक्षी आणि जनावरे यांचीही कितीतरी वर्णने आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच सांगितली पाहिजे. जहांगीर लहानपणापासून पक्का शिकारी होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पुढे सुमारे पस्तीस वर्षांत किती शिकार झाली, याचा हिशेब त्याने एकदा नोकरांकडून काढून घेतला. आकडा निघाला २८,५३२. त्यांपैकी १७,१६७ प्राणी आणि पक्षी त्याने स्वतःच्या हाताने मारले होते. हा आकडा वाचून तुम्हांला वाईट वाटेल. पण तो आकडा आपल्याला कळला, कारण बादशहाने स्वतःच तो लिहून ठेवला.

याच माणसाचे मन जनावरांवर जडतही असे. त्याच्याकडे मनसराज नावाचे एक पाळलेले काळवीट होते. ते मेले तेव्हा बादशहाने त्याची कबर बांधली आणि त्या भागात हरणांच्या शिकारीला बंदी केली. तेथे उभा असलेला हिरण मिनार आजही पाकिस्तानातील शेखुपुरा शहराजवळ पाहायला मिळतो. एका मनात बंदूकही होती आणि मायाही होती. या दोहोंचे भांडण जहांगीरच्या मनात आयुष्यभर चालले.

बादशहाला प्रत्येक नव्या प्राण्याबद्दल कुतूहल असे. १६१२ मध्ये मुकर्रबखान नावाचा सरदार गोव्याहून काही विलक्षण पक्षी घेऊन आला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तेथे दूरदूरच्या वस्तू येत असत. त्या पक्ष्यांत अमेरिकेतून आलेला टर्की होता. त्याच्या डोक्याचा आणि गळ्याचा रंग सारखा बदलतो, हे पाहून बादशहा थक्क झाला. पुढे १६२१ मध्ये झेब्रा आला. अंगावरचे पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, अशी शंका आली. म्हणून तपासणी झाली. पट्टे खरेच निघाले! ऐकलेल्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवायचा नाही, आधी पाहायचे, मग लिहायचे, ही त्याची पद्धत होती.

त्याने सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती. त्यांची नावे होती लैला आणि मजनू. १६१८ मध्ये या जोडीने दोन अंडी घातली. मादी अंड्यांवर कशी बसते, नर पहारा कसा करतो, दोघे आपापली पाळी कशी बदलतात, पिले किती दिवसांनी बाहेर येतात, हे सर्व बादशहाने टिपून ठेवले. राज्यकारभाराचा मोठा भार डोक्यावर असताना त्याने हे केले, हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी त्याचा लहान नातू शुजा फार आजारी पडला. नातवावर आजोबांचा अतिशय जीव होता. वयाच्या पन्नासाव्या वर्षी बंदूक आणि बाण सोडून द्यायचे, असे बादशहाने मनात पूर्वीच ठरवले होते. आता त्याने तो निश्चय लगेच अमलात आणला. आपल्या हाताने कोणत्याही जिवाला इजा करणार नाही, असा नवस त्याने अल्लाहला केला. शुजा बरा झाला. बादशहाने बंदूक बाजूला ठेवली.

आता त्या प्रसिद्ध सफरीकडे वळू या. काश्मीरचा वसंत डोळे भरून पाहावा, अशी बादशहाची इच्छा होती. वडिलांबरोबर तो पूर्वी तेथे गेला होता. पण तख्तावर बसल्यापासून त्याला सवड मिळाली नव्हती. वसंतात तेथे पोचायचे, तर निघायचे केव्हा? त्याने १६१९ च्या शरद ऋतूतच आग्रा सोडले. वाट ३७६ कोसांची होती. प्रवासाला पाच महिन्यांहून अधिक काळ लागला. बादशहा दररोज किती कोस चाललो, किती मुक्काम केले, याची नोंद ठेवत असे.

पुढचा प्रश्न वाटेचा होता. पीर पंजालच्या घाटातून जाणारी वाट जवळची होती. पण हिवाळ्याच्या शेवटी ती बर्फाने बंद असते. म्हणून हसन अब्दाल, पखली आणि बारामुल्ला ही दुसरी वाट निवडण्यात आली. ती लांबची आणि अवघड होती. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल नदी. अशा वाटेवर हजारो माणसे, हत्ती आणि तंबू एकदम नेले तर काय होईल? म्हणून मोठी छावणी मागे ठेवली गेली. निवडक माणसे तुकड्या-तुकड्यांनी पुढे निघाली. तरीही बर्फ आणि पाऊस यांनी गाठलेच. बादशहाचे सामान मागे राहिले आणि त्याला आपल्या कुटुंबासह मोतमिदखान या सरदाराच्या तंबूत आसरा घ्यावा लागला. डोंगर राजा आणि रंक असा भेद करत नाही!

मार्च १६२० मध्ये बादशहा श्रीनगरला पोचला. यावेळी त्याच्याबरोबर एक खास माणूस होता. तो सरदार नव्हता. तो उस्ताद मन्सूर नावाचा चित्रकार होता. बादशहाने त्याला ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब दिला होता. या शब्दांचा अर्थ, आपल्या काळातील अद्वितीय माणूस. आज आपण सहलीला कॅमेरा नेतो. जहांगीरने मन्सूरचे डोळे आणि कुंचला नेला होता. काश्मीरच्या फुलांची शंभराहून अधिक चित्रे मन्सूरने काढली.

एके दिवशी डोंगरातल्या एका वाहत्या ओढ्यात बादशहाला लहानसा पक्षी दिसला. तो पाण्यात बुडी मारी, बराच वेळ आत राही आणि दुसऱ्याच जागी वर येई. हा पाणपक्षी आहे की जमिनीवरचा? पाणपक्ष्याच्या बोटांमध्ये पडदा असतो. मग याच्या पायांना पडदा असेल का? बादशहाने दोन पक्षी पकडून आणवले. एक लगेच मेला आणि दुसरा एकच दिवस जगला. त्यांच्या पायांना बदकासारखा पडदा नव्हता. मन्सूरने त्या पक्ष्याचे चित्र काढले. बादशहाचा प्रश्न अगदी बरोबर होता. हिमालयातील ओढ्यांत राहणारा हा पक्षी पडदा नसलेल्या पायांनीच पाण्याखाली वावरतो. परंतु माहितीसाठी दोन जीव गेले, हेही खरे आहे. आज आपल्या हाती दुर्बीण आहे. पक्षी न पकडताही आपण त्याला जवळून पाहू शकतो.

वसंत गेला, उन्हाळा गेला. बादशहा शरद ऋतूपर्यंत काश्मीरमध्ये राहिला. या दिवसांत पांपोरची शेते केशराच्या जांभळ्या फुलांनी भरून जातात. राजपुत्र असताना वडिलांबरोबर ही शेते पाहायला गेला, तेव्हा त्या उग्र वासाने त्याचे आणि बरोबरच्या लोकांचे डोके दुखू लागले होते. फुले खुडणाऱ्या मजुरांना त्याने विचारले, तर त्यांना कधीच असा त्रास झाला नव्हता. केशर पाहून ऑक्टोबर महिन्यात तो परत निघाला. आता पीर पंजालची वाट मोकळी होती. पण आणखी उशीर केला असता, तर बर्फाने तीही बंद झाली असती. शरदात निघून वसंतात पोचायचे आणि पुढच्या शरदात बर्फाआधी परतायचे, असा हा बेत होता.

मित्रांनो, गोष्ट येथेच संपली असती, तर फार बरे झाले असते. पण चरित्र सांगताना खरे ते सांगावे लागते. बादशहाने सुमारे पाच वर्षे नवस पाळला. मग त्याचा मुलगा शाहजहान याने बंड केले. या दुःखात आणि संतापात जहांगीरने पुन्हा बंदूक हाती घेतली.

१६२७ मध्ये बादशहा फार थकला होता. त्याला दम्याचा विकार होता. मैदानातील उष्णता सोसत नसल्याने तो काश्मीरला गेला आणि शरद ऋतूत परत निघाला. वाटेत बैरामकला येथे त्याने शिकार मांडली. माणसे हरणांना कड्यावर हाकत आणि बादशहा खालून गोळी झाडी. एक शिपाई हरणामागे कड्याच्या टोकापर्यंत गेला. त्याचा पाय घसरला. तो खाली कोसळला आणि जागीच मेला. बादशहाला जबर धक्का बसला. त्याने त्या शिपायाच्या आईला बोलावून पैसे दिले. पण त्याच्या मनाला चैन पडेना. साक्षात मृत्यूच आपल्याला दिसला, असे त्याला वाटू लागले. थोड्याच दिवसांनी, २८ ऑक्टोबर १६२७ रोजी, राजौरीच्या परिसरात प्रवासातच त्याचा मृत्यू झाला. लाहोरजवळ शाहदरा येथे त्याची कबर आहे.

मग जहांगीरचे मागे काय राहिले? त्याने मारलेल्या हजारो जनावरांची आज कोणाला आठवण नाही. पण त्याने जे पाहिले, लिहिले आणि रंगवून घेतले, ते राहिले. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी मोगल बादशहांच्या निसर्गप्रेमावर आणि शिकारीवर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. मन्सूरने काढलेले पांढऱ्या सायबेरियन क्रौंचाचे सुंदर चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. हे क्रौंच पूर्वी दर हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूरला येत असत. २००२ नंतर ते तेथे आलेले नाहीत. चित्र उरले, पक्षी येईनासे झाले.

म्हणून तुम्ही डोंगरात सहलीला जाल, तेव्हा ऋतू पाहा, वाट विचारून घ्या, मोजकीच माणसे आणि मोजकेच सामान न्या. गलोल घरी ठेवा. वही आणि पेन्सिल मात्र विसरू नका. जे दिसेल ते तारखेसह लिहा. जे पक्षी तुम्ही पाहाल, ते तुमच्यानंतर येणाऱ्या मुलांनाही दिसले पाहिजेत.

स्वाध्याय

१. जहांगीरने काश्मीरला जाताना पीर पंजालची वाट का घेतली नाही?
२. बादशहाने बंदूक केव्हा आणि का सोडली? ती पुन्हा का घेतली?
३. ओढ्यातील पक्ष्याबद्दल बादशहाला कोणता प्रश्न पडला? त्याचे उत्तर त्याने कसे शोधले?
४. ‘चित्र उरले, पक्षी येईनासे झाले’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या घराजवळ दिसणाऱ्या एका पक्ष्याचे आठवडाभर निरीक्षण करा आणि दहा ओळी मराठीत लिहा.