नवऱ्याची बदली मुंबई इलाख्यात झाली, बायको सोबत निघाली आणि टागोरांच्या वाड्यात खळबळ उडाली

घरात कुणी सरकारी अधिकारी असेल तर बदलीची ऑर्डर म्हणजे काय असतं, हे वेगळं सांगायला नको. पहिला प्रश्न एकच. बिऱ्हाड हलवायचं की साहेबांनी एकट्यानं जायचं? मुलांची शाळा, म्हातारे आईवडील, नव्या गावची भाषा, सगळं या एका प्रश्नाला चिकटून येतं.

हाच प्रश्न 1864 साली कोलकात्याच्या टागोर घराण्यासमोर उभा राहिला. अधिकारी होते सत्येंद्रनाथ टागोर, आयसीएस झालेले पहिले भारतीय आणि रवींद्रनाथांचे थोरले भाऊ. त्यांच्याबद्दल आपण स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत वाचतो. पण त्यांच्या नोकरीपायी जिचं घर अनेकदा मोडलं आणि पुन्हा उभं राहिलं, त्या ज्ञानदानंदिनी देवींबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

ज्ञानदानंदिनी 1850 सालच्या. माहेर जेसोर भागातलं, जे आज बांगलादेशात आहे. लग्न झालं तेव्हा त्या जेमतेम सात-आठ वर्षांच्या होत्या, दुधाचे दात पडत होते. सासर म्हणजे जोरासांकोचा टागोरांचा भलामोठा वाडा. श्रीमंती अफाट, पण बायकांनी राहायचं ते अंतःपुरात. बाहेरच्या पुरुषानं त्यांचं तोंड पाहायचं नाही.

सत्येंद्रनाथांना हे अजिबात पटत नव्हतं. त्यांचे मित्र मनमोहन घोष यांना त्यांची बायको बघायची होती. उघडपणे भेट घडवणं शक्यच नव्हतं. मग सत्येंद्रनाथांनी मित्राला रात्री गुपचूप आत आणलं आणि थेट मच्छरदाणीत नेऊन बसवलं. नवरी एका बाजूला, पाहुणा दुसऱ्या बाजूला. दोघंही लाजेनं गप्प. शेवटी आले तसेच सगळे चोरपावलांनी परत गेले.

1862 साली हे दोघे मित्र आयसीएससाठी लंडनला गेले. पुढच्या वर्षी सत्येंद्रनाथ परीक्षा पास झाले. तिकडच्या बायका मोकळेपणानं वावरताना बघून त्यांनी पत्नीलाही इंग्लंडला बोलवायचं ठरवलं. पण वडील देवेंद्रनाथ यांनी साफ नकार दिला. ते ब्राह्मो समाजाचे मोठे पुढारी होते, पण सुनेनं समुद्रापार जाणं त्यांना मान्य नव्हतं. ज्ञानदानंदिनी वाड्यातच राहिल्या आणि घरच्या घरी शिकत राहिल्या. दीर हेमेंद्रनाथ त्यांना शिकवायचे.

1864 च्या अखेरीस सत्येंद्रनाथ परतले. नेमणूक मिळाली ती मुंबई इलाख्यात. आता मात्र त्यांनी पत्नीला सोबत न्यायचंच असं ठरवलं.

यात एक अडचण अशी होती की आज कुणाला सुचणारही नाही. घालायचं काय? त्या काळी बंगालमधल्या खानदानी बायका घरात नुसती एक साडी गुंडाळत. आत ना पोलकं, ना परकर. बाहेर जायचंच नसल्यामुळे बाहेरचे कपडेच नव्हते. शेवटी घाईघाईत एक परदेशी थाटाचा पोशाख शिवून घेतला, जो एकट्यानं घालताही येत नव्हता.

दुसरा वाद झाला तो वाड्याच्या दारात. सून चालत जाऊन गाडीत बसणार? सगळे नोकरचाकर बघणार? देवेंद्रनाथांनी परवानगी दिली नाही. ज्ञानदानंदिनींना पालखीतून जहाजापर्यंत न्यावं लागलं. कोलकाता आणि मुंबई रेल्वेनं जोडायला अजून काही वर्षं होती, त्यामुळे प्रवास समुद्रातूनच होता.

मुंबईत त्यांचा मुक्काम होता माणकजी खर्शेटजींच्या घरी. मुलींच्या शिक्षणासाठी धडपडणारे हे पारशी गृहस्थ. त्यांच्या घरच्या बायका पाहुण्यांसोबत बसत, बोलत. ज्ञानदानंदिनींसाठी हे जग नवीन होतं. पारशी बायकांची साडी नेसायची पद्धत त्यांना आवडली. त्यांनी ती उचलली आणि आपल्या सोयीनं बदलली. पदर उजव्या खांद्याऐवजी डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो. आत पोलकं आणि परकर आला.

पुढे अहमदाबादला पहिली नेमणूक झाली. दोनेक वर्षांनी रजेवर कोलकात्याला आल्यावर त्या याच वेशात सगळ्यांसमोर गाडीतून उतरल्या. वाड्यात हलकल्लोळ झाला. व्हाइसरॉयच्या मेजवानीला गेल्या तेव्हा तर टागोर घराण्यातले एक वडीलधारे त्यांना तिथे बघून तडक निघून गेले. पण ही साडी बंगालमधल्या ब्राह्मो घरांत पसरली. पोलकं-परकर घालून डाव्या खांद्यावर पदर घेण्याची आजची पद्धत रुळवण्याचं बरंचसं श्रेय त्यांनाच दिलं जातं.

पण गोष्ट साडीवर संपत नाही. बदल्या सुरूच होत्या. 1872 साली पुण्यात सुरेंद्रनाथचा जन्म झाला, पुढच्या वर्षी इंदिरेचा. 1877 साली ज्ञानदानंदिनींनी त्या काळाच्या मानानं अचाट वाटावं असं पाऊल उचललं. नवरा नोकरीवर, सासरचं कुणीही सोबत नाही, पोटात बाळ आणि हाताशी तीन लहान मुलं, अशा अवस्थेत त्या जहाजानं इंग्लंडला गेल्या.

त्याची किंमतही मोठी मोजावी लागली. इंग्लंडात जन्मलेलं बाळ जगलं नाही. धाकटा कवींद्रही तिथेच वारला. सत्येंद्रनाथ तेव्हा हजारो मैलांवर कोर्टाच्या कामात होते. रजा मिळून ते पोहोचले 1878 साली. सोबत होता सतरा वर्षांचा रवींद्र. त्याआधी तो काही महिने अहमदाबादला भावाच्या बंगल्यात आणि नंतर मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिला होता. परक्या देशात त्याला घर मिळालं ते वहिनींच्या बिऱ्हाडात.

1880 साली सगळे परतले आणि तोच जुना प्रश्न पुन्हा आला. आता मुलांच्या शाळा महत्त्वाच्या होत्या. या वेळी ज्ञानदानंदिनींनी वेगळं उत्तर निवडलं. त्या मुलांना घेऊन कोलकात्यात राहिल्या, पण सासरच्या वाड्यात नाही, स्वतःचं वेगळं घर करून. साहेब जिल्ह्याच्या गावी आणि बिऱ्हाड शहरात, आज कितीतरी अधिकाऱ्यांच्या घरी असतं तसंच.

सुट्ट्या लागल्या की मंडळी सत्येंद्रनाथांकडे यायची. 1883 साली कारवारला असाच मुक्काम पडला आणि तिथे रवींद्रनाथांनी एक नाटक लिहिलं. सोलापूरलाही ते भावाकडे येऊन राहिले होते. रवींद्रनाथांचं लग्न झाल्यावर लहानग्या मृणालिनीला शिकवून तयार करायची जबाबदारीही ज्ञानदानंदिनींनीच घेतली. 1885 साली त्यांनी मुलांसाठी 'बालक' नावाचं मासिक काढलं. त्यात रवींद्रनाथांनी भरपूर लिहिलं.

तिकडे सत्येंद्रनाथ मराठी मुलुखात रमले होते. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. 1897 साली साताऱ्यात न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले आणि संसार पुन्हा एका छपराखाली आला. 1923 साली सत्येंद्रनाथ गेले. ज्ञानदानंदिनी 1941 साली गेल्या, रवींद्रनाथ गेले त्याच वर्षी.

सत्येंद्रनाथांच्या बदल्या सरकार ठरवत होतं. पण बिऱ्हाड कुठे मांडायचं, हे सुरुवातीला सासऱ्यांनी ठरवलं, मग नवऱ्यानं, आणि शेवटी ज्ञानदानंदिनींनी स्वतः. पालखीत बसून निघालेल्या मुलीनं तिथपर्यंत मारलेली मजल पहिल्या आयसीएसच्या गोष्टीइतकीच मोठी आहे.