वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोचे कणीस

वर्धा नदीच्या एका काठावर यवतमाळ जिल्हा आहे, दुसऱ्या काठावर वर्धा. दोन्हीकडची माती काळी, पाऊस सारखाच बेभरवशाचा आणि शेती बहुतांश कोरडवाहू. त्या पलीकडच्या वर्ध्यात ७ नोव्हेंबर १८८४ रोजी पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म झाला. शिकलेली, कसबी माणसे देश सोडून जातात याची चर्चा आज डॉक्टर, परिचारिका आणि संगणक अभियंते यांच्यावरून होते. खानखोजे शंभर वर्षांपूर्वी गेले. ते कृषिशास्त्रज्ञ झाले, पण त्यांच्या ज्ञानाचे पीक उभे राहिले ते मेक्सिकोत. अशा वेळी देशाचे नुकसान माणूस गेल्यामुळे होते, की त्याच्यासाठी जागा नसल्यामुळे?

खानखोजे यांचे लहानपण दुष्काळाच्या वर्षांत गेले. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडावर भीषण दुष्काळ कोसळला. दुष्काळात माणसे नुसत्या उपासाने मरतात असे वाटते, पण तसे नसते. अन्न कमी पडले की शरीराची रोगप्रतिकारशक्ती ढासळते, आतड्याचे अस्तर कमकुवत होते आणि पटकी, हगवण, हिवताप यांना रान मोकळे मिळते. भुकेने पोखरलेल्या शरीराचा शेवटचा घास रोगच घेतो. म्हणून धान्याचे कोठार हे आरोग्याचे पहिले केंद्र असते. पुढे खानखोजे यांनी ज्या विषयाला आयुष्य वाहिले, तो हाच.

शाळा वर्धा आणि नागपूरला झाली. लोकमान्य टिळकांच्या प्रभावाने हा तरुण क्रांतिकार्याकडे वळला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेला पोहोचला. तिकडे जाण्यामागे दोन हेतू होते. एक, लष्करी शिक्षण घेणे. दुसरा, शेतीचे शास्त्र शिकणे. कॅलिफोर्नियातील सॅन राफाएल येथील लष्करी अकादमीत त्यांनी पहिले मिळवले. ऑरेगनमधील कॉर्व्हॅलिस आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील कृषी महाविद्यालयांत दुसरे. पुलमनच्या परिसरात केवळ पावसाच्या ओलीवर गहू पिकवतात. कोरडवाहू मुलखातून आलेल्या विद्यार्थ्याला याहून उपयोगाची शाळा मिळणे कठीण होते.

पण अमेरिकेला भारतीय हात हवे होते, भारतीय माणसे नको होती. पॅसिफिक किनाऱ्यावर लाकूड कापण्याच्या गिरण्यांत आणि फळबागांत पंजाबी मजूर राबत होते. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने या मजुरांना मारहाण करून हुसकावून लावले. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद झाले. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले. ते दार १९४६ मध्ये किलकिले झाले, तेही वर्षाला शंभर जणांपुरते. खऱ्या अर्थाने उघडले १९६५ नंतर. आज भारतीय डॉक्टर तिकडे सहज दिसतात, पण ही वाट फार जुनी नाही.

याच मजुरांमध्ये आणि विद्यार्थ्यांमध्ये १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली. खानखोजे तिच्या संस्थापकांपैकी एक होते आणि लष्करी बाजू त्यांच्याकडे होती. पहिले महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात पोहोचले आणि ब्रिटिश फौजांशी लढले. बंडाचा प्रयत्न फसला. मग बर्लिन, मॉस्को अशी भटकंती झाली. भारतात परतणे म्हणजे तुरुंग किंवा फाशी. अशा स्थितीत १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले.

मेक्सिको तेव्हा श्रीमंत देश नव्हता. नुकत्याच झालेल्या क्रांतीतून तो सावरत होता. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटल्या जात होत्या. ज्याच्या हाती पहिल्यांदा जमीन आली, त्याला बियाणे आणि शास्त्र देणारी माणसे त्या देशाला हवी होती. खानखोजे यांना चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापकपद मिळाले. त्यांचे पूर्वायुष्य तिथे अडथळा ठरले नाही.

चापिंगो समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे पाऊस उशिरा आला की पेरणी लांबते आणि पेरणी लांबली की दाणा भरण्याआधीच हिमकडाका पीक जाळतो. शेतकरी दोन्हीकडून मार खातो. खानखोजे यांनी मका आणि गव्हाचे दुष्काळ व थंडी सोसणारे वाण तयार करण्यावर काम केले. मक्याचा जंगली नातेवाईक तेओसिंते याच्याशी मक्याचा संकर हाही त्यांच्या संशोधनाचा विषय होता. जंगली गवतात चिवटपणा असतो, शेतातल्या मक्यात उत्पन्न. एकाचे परागकण दुसऱ्याच्या कणसाच्या केसांवर टाकायचे, पुढच्या पिढीतली हवी ती झाडे निवडायची आणि हे वर्षानुवर्षे करत राहायचे, असे ते काम. त्यात चमत्कार नसतो, चिकाटी लागते.

मक्याची स्वतःची स्थलांतराची गोष्टही सांगण्यासारखी आहे. मेक्सिकोतील लोक हजारो वर्षे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून खातात. चुन्यामुळे मक्यात अडकून पडलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. युरोपीय लोकांनी मका आपल्याकडे नेला, पण चुन्याची रीत तिथेच सोडली. परिणामी इटलीपासून अमेरिकेच्या दक्षिणेपर्यंत मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला. कातडी सोलवटणे, जुलाब, वेड आणि अखेर मृत्यू, असा हा रोग. बी नेले आणि ते वापरण्याचे ज्ञान नेले नाही, तर अन्नही आजार देते. खानखोजे यांनी याचे उलटे केले. नुसते बी हाती देऊन ते थांबले नाहीत. खेड्यातल्या शेतकऱ्यांना फुकट शिकता येईल अशा मुक्त कृषी शाळा त्यांनी उभारल्या. ज्ञान विद्यापीठाच्या कुंपणात ठेवायचे नाही, बांधापर्यंत न्यायचे, हा त्यांचा आग्रह होता.

मेक्सिकोने त्याची जाण ठेवली. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर काढलेल्या एका चित्रात जगभरची माणसे एका टेबलाभोवती बसली आहेत आणि मध्यभागी भाकर मोडणारा माणूस आहे खानखोजे. १९३६ मध्ये त्यांनी जान या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. दोन मुली झाल्या.

देश स्वतंत्र झाला, तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. त्यांनी परत येण्यासाठी अर्ज केला. ब्रिटिशांनी घातलेली बंदी कागदोपत्री तशीच असल्याने स्वतंत्र भारताच्या सरकारने तो आधी नाकारला. पुढे बंदी उठली आणि १९५५ मध्ये ते नागपुरात स्थायिक झाले. तेव्हा वयाची सत्तरी उलटली होती. बियाण्याचे काम पिढ्यांचे असते. सत्तरीनंतर ते नव्याने मांडण्याइतके हंगाम हाती उरत नाहीत.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून गव्हाचे सुमारे १८ हजार टन बियाणे आणले. ते वाण नॉर्मन बोरलॉग यांच्या नंतरच्या कार्यक्रमातून आले होते; त्यांचे श्रेय खानखोजे यांचे नव्हे. तरीही मेक्सिकोचा गहू भारताची भूक भागवायला निघाला, तेव्हा त्या देशात आयुष्यभर मका आणि गव्हावर राबलेला माणूस नागपुरात म्हातारपण काढत होता. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. विदर्भाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात १९६९ मध्ये सुरू झाले.

सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळा चांगलाच, पण त्यांच्या आयुष्याचा धडा त्याहून साधा आहे. खानखोजे यांना पगाराने बाहेर नेले नाही. पारतंत्र्याने त्यांना बाहेर ठेवले, आणि मेक्सिकोने काम, शेत व विश्वास दिला म्हणून ते तिथे रुजले. आज यवतमाळच्या तरुणाला कोणी अडवत नाही. तो नर्सिंग शिकतो, वैद्यक शिकतो, शेतीशास्त्र शिकतो आणि जातो. त्याला देशप्रेमाचे डोस पाजून थांबवता येणार नाही. शिकलेल्या विद्येला इथे प्रयोगशाळा, साधने, वेळेवर मिळणारे वेतन आणि निर्णयाचे थोडे स्वातंत्र्य मिळाले, तर काही जण थांबतील. जे जातील, त्यांच्या परतीचा अर्ज सत्तरीपर्यंत फायलीत पडून राहणार नाही, एवढी सोय तरी करता येईल.