नांगराच्या आधी माणसं : लक्ष्मणराव किर्लोस्कर

विहिरीवरच्या पंपावर, इंजिनावर किर्लोस्कर ही अक्षरे तुम्ही आजवर शेकडो वेळा वाचली असतील. कुणाच्या परड्यात गंजलेला जुना लोखंडी नांगरही पडून असेल. त्या नांगराची गोष्ट बऱ्याच जणांनी सांगून झाली आहे. आज लिहायचे आहे ते नांगर करणाऱ्या माणसांबद्दल. कारण असे की, गावात कुणीही छोटा धंदा चालवणारा भेटला, मग तो ट्रॉली बांधणारा असो, गिरणीवाला असो की दूध संस्थेचा सचिव, त्याची पहिली तक्रार ठरलेली : कामाला चांगला माणूसच मिळत नाही. आता तुम्हीच बघा, लक्ष्मणरावांना तो कुठे मिळाला होता?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मलप्रभेच्या काठचे हे गाव. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे, म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो. ते वेगळे, हे वेगळे. लक्ष्मणाचे शाळेत मन रमेना. त्याला दोनच नाद, चित्रे काढणे आणि यंत्रांशी खेळणे. वडिलांना हे पसंत नव्हते, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली स्वारी मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाली. तिथे दोन वर्षे काढल्यावर कळले की याच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला रंग कळेनात म्हणजे खेळ खलास! पोरगा गावी परतला असता तर कुणी नावे ठेवली नसती. त्याने रंग सोडले, रेघ धरून ठेवली. यंत्रांचे आराखडे काढायला, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगला, रंग लागत नाहीत. ते तो शिकला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचा मास्तर झाला.

हा मास्तरकीचा भाग लक्षात ठेवा, पुढे तोच उपयोगी पडला.

मुंबईत असतानाच सायकलींचा धंदा सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडायचे, बेळगावात रामूअण्णा विकायचे. नुसत्या विकायचे नाहीत, तर गिऱ्हाईकाला बसायलाही शिकवायचे, आणि शिकवण्याचे पैसे वेगळे घ्यायचे. त्या काळी सायकल म्हणजे साहेबलोकांचे आणि बड्या अधिकाऱ्यांचे वाहन. किर्लोस्कर बंधू हा धंदा १८८८ पासूनचा धरतात, तो या दुकानापासून. पुढे पात्रता असताना बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले.

बेळगावात त्यांनी छोटासा कारखाना टाकला. सुरुवातीचा माल कडबा कापायचे यंत्र. आख्खी पेंढी जनावरापुढे टाकली की ते पाने खाते, बुडखे तुडवते आणि निम्मी वैरण वाया जाते, हे तुम्हाला सांगायला नको. यंत्राने बारीक कुट्टी केली की ती वाचते. त्यानंतर आला लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण माती उलटी करीत नाही. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्याचा पंखा ढेकूळ पालथे घालतो, त्यामुळे हराळीच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. आज हे शाळेतले पोरही सांगेल. त्या वेळी मात्र शेतकऱ्यांची पक्की समजूत होती की लोखंड लागले की जमिनीत विष कालवले जाते. तयार नांगर पडून राहिले. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली.

आपण आज हसतो, पण शेतकऱ्याच्या बाजूनेही जरा बघा. वर्षाकाठी एकच हंगाम, एकच जमीन. ती बिघडली तर पोराबाळांनी खायचे काय? मला वाटते, त्या दोन वर्षांनी लक्ष्मणरावांना एक धडा दिला : माल चांगला असून भागत नाही, तो वापरणाऱ्यापर्यंत जाऊन पटवावा लागतो, आणि मोडला तर दुरुस्तही करून द्यावा लागतो.

कुठे बस्तान बसतेय तोवर बेळगाव नगरपालिकेने शहरवाढीसाठी जागा सोडायला सांगितले. भट्टी, यंत्रे, माणसे घेऊन जायचे कुठे? अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. स्वतः चित्रकार असलेला हा राजा, आणि समोर रंग न दिसणारा चित्रकार, दोघांचे चांगले जमले असावे. राजांनी संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जागा कसली म्हणता! निवडुंगाचे रान आणि त्यात नाग. मातीत कस नाही, वर पाऊसही बेताचाच. चांगल्या जमिनी सोडून हा माळ धरण्याचे एकच कारण दिसते, रेल्वे. लोखंड आणि कोळसा आणायचा आणि नांगर पाठवायचे तर रूळ जवळ हवेत.

१९१० साली पंचवीसएक कामगार आणि त्यांची बायकापोरे तिथे उतरली. निवडुंग तोडून राहायला झोपड्या उभ्या केल्या, कारखाना बांधला. किर्लोस्करवाडीचा जन्म हा असा झाला. विलायतेत आणि अमेरिकेत कारखानदारांनी कामगारांसाठी आखीव गावे वसवली होती, त्यांची माहिती लक्ष्मणरावांनी वाचली होती. तसे काही आपल्याकडे करावे ही त्यांची जुनी हौस. पण तिकडे पैसा होता, इथे माळ होता.

आता माणसे कोण होती ते ऐका. पदवीधर इंजिनियर त्यांत जवळजवळ नव्हतेच. रामूअण्णांनी गावाची आखणी आणि कारभार पाहिला. शंभूराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू उचलली. मंगेशराव रेगे यांच्याकडे पत्रव्यवहार आणि हिशेब. के. के. कुलकर्णी म्हणजे पडेल ते काम करणारा माणूस, व्यवस्थापन त्यांच्याकडे. अनंतराव फळणीकरांनी शिक्षण अर्धवट टाकलेले, इथे त्यांच्यातला कल्पक इंजिनियर बाहेर आला. आणि रात्रीची राखण कुणाकडे, तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे. दरोड्याचा शिक्का बसलेली ही माणसे. इंग्रज सरकारने आख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवल्या होत्या तो हा काळ. अशा माणसांच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या देणे म्हणजे साधी गोष्ट नव्हे. तुमच्या गावात चोरीचा आळ आलेल्या माणसाला गोदामाचा रखवालदार नेमून बघा, दुसऱ्या दिवशी पंचायतीपुढे गर्दी जमेल. किर्लोस्करवाडीत हीच माणसे विश्वासाची राखणदार झाली. अस्पृश्यता पाळायला तिथे बंदी होती, हेही त्याच धोरणातले. एकाच भट्टीवर राबायचे आणि पाण्याचे मडके वेगळे, हे लक्ष्मणरावांना मान्य नव्हते.

बाकीचे कामगार आसपासच्या खेड्यांतले. हातात कालपर्यंत विळा-खुरपे, आज हातोडा. आता इथे तो ड्रॉइंगचा मास्तर आठवा. आपला गावचा लोहार फाळ करतो तो नजरेने. काम झकास, पण एक फाळ दुसऱ्यासारखा नसतो. कारखान्यात तसे चालत नाही. आधी कागदावर मापासह आराखडा, त्यावरून लाकडी नमुना, त्या नमुन्यावरून वाळूचा साचा, आणि साच्यात वितळलेले बीड. मग शंभर फाळ ओतले तरी शंभर सारखे. शेतकऱ्याचा फाळ झिजला की आख्खा नांगर न बदलता नवा फाळ बोल्टने बसवता येतो. खरी किफायत इथे आहे. आणि कामाचेही असे तुकडे पडतात की कालचा नवखा माणूस एक तुकडा थोड्या दिवसांत शिकतो, मग दुसरा, मग तिसरा. वाळू चाळणारा साचे करू लागतो, साचेवाला भट्टीवर जातो. शिकवण्यासाठी वेगळी शाळा लागत नाही, काम नीट लावून दिले म्हणजे कामच शिकवते. लक्ष्मणराव स्वतःही असेच, पुस्तके आणि परदेशी मासिके वाचून आणि यंत्रे खोलून शिकलेले. तेव्हा आडाणी म्हणून कुणाला हाकलायची त्यांना सोय नव्हती, आणि इच्छाही नसावी.

पहिले महायुद्ध १९१४ ला सुरू झाले आणि विलायती लोखंड यायचे मंदावले. नांगराला आता मागणी होती, पण बीड नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले! ही हकिगत आपल्या भागात म्हातारी माणसे मोठ्या कौतुकाने सांगत. परदेशी माल येत नाही म्हटल्यावर देशी नांगराला बाजारही मोकळा मिळाला. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली.

त्याच १९२० सालची आणखी एक गोष्ट छोट्या धंदेवाल्यांनी ध्यानात घ्यावी. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे पत्रक काढले. हेतू एवढाच की, कारखान्यात काय चालले आहे ते कामगारांना आणि गिऱ्हाइकांना कळावे. त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. मराठी घरांत नव्या विचारांचे वारे नेणारी ही मासिके नांगराच्या कारखान्यातून निघाली, हे किती जणांना ठाऊक आहे? आपल्याकडे सोसायटीच्या सभासदाला वार्षिक अहवालसुद्धा मागून घ्यावा लागतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

सगळे गोडगोडच होते असे नाही. १९३० च्या आसपास जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हणजे नांगर घेणार कोण? त्या वर्षांत कारखान्याने लोखंडी खुर्च्या, टेबले, कपाटे करायला घेतली. ओतकाम, पत्राकाम, जोडकाम शिकलेली माणसे होती म्हणून माल बदलता आला. पुढे उसाचे चरक, पंप आणि इंजिने हीच मोठी कामे झाली. अमेरिकेत शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव यांनी धंदा हरिहर, पुण्याकडे वाढवला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. ज्या मुलखातली माणसे शिकवली त्याच मुलखात हे घडावे, याचा त्या वृद्ध माणसाला काय चटका बसला असेल! कारखाना पुन्हा उभा राहिला.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती लिहितो. किर्लोस्करवाडीत काम मालकाचे, घर मालकाचे, गावाचा कारभारही मालकाचा. मालक लक्ष्मणरावांसारखा असेल तोवर ठीक. पण ज्याच्या हाती पगार त्याच्याच हाती छप्पर असेल, तर कामगाराने वाकडा शब्द काढायचा कसा? संस्थांच्या चाळीत राहणाऱ्या आपल्याकडच्या कामगारांना विचारा. लक्ष्मणरावांची माणसे पारखण्याची रीत उचलण्यासारखी आहे, गाव ताब्यात ठेवण्याची नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी, ८७ व्या वर्षी वारले. १९६९ साली जन्मशताब्दीला सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. निवडुंगाच्या त्या माळावर, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कारखाना आजही चालू आहे आणि तिथे पंप बनतात. कुंडल रोड हे स्टेशनचे नाव तर कधीच मागे पडले. पुण्याहून मिरजेला रेल्वेने जाताना वाटेत पाटी दिसते, किर्लोस्करवाडी.